पुतळ्याचा हात

विद्यापीठाच्या ग्रंथालयात तिसऱ्या मजल्यावर एक शांत वाचनकक्ष होता आणि त्या कक्षात एक पुतळा बसत असे. हा पुतळा हाडामांसाचा होता, चष्मा लावत होता आणि एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवत होता. वर्गात त्याला सर म्हणत, घरी भावोजी म्हणत. पुतळा हे नाव फक्त ग्रंथालयातले. ते ठेवणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हते. सर एकदा पुस्तक उघडून बसले, की पान उलटण्यापुरती बोटे सोडली तर त्यांचे काहीही हलत नसे. मान नाही, खांदा नाही, टेबलाखालचा पाय नाही. नवा माणूस शेजारी येऊन बसला, की तो आधी त्यांच्याकडे जरा काळजीनेच पाही.

ही बैठक सरांनी कुठल्या गुरूकडून घेतली नव्हती. लहानपणी दोन खोल्यांत सात माणसे राहत, आणि त्या घरात वाचणारा मुलगा म्हणजे रिकामा मुलगा असा साधा हिशेब होता. कोणी कूस बदलली, जांभई दिली, मान वर केली, की लगेच हाक येई: "उठलाच आहेस, तर जरा दळण घेऊन ये." ज्याचा हात हलला त्याच्या हाती पिशवी आली. सरांनी फार लवकर ओळखले, की भिंतीशी टेकून, श्वाससुद्धा बेताने घेत वाचले तर मोठ्या माणसांची नजर आपल्यावरून घसरून पुढे जाते आणि थोरल्या भावावर थांबते. थोरला भाऊ सारखा हलायचा. म्हणून तो दळण आणत राहिला, पुढे कारखान्यात लागला, आणि धाकटा पहिल्या वर्गात पदवीधर झाला. न हलण्याचे एवढे मोठे फळ सरांना आयुष्यात पुन्हा कधी मिळाले नाही.

पदवीनंतर फळे संपली. कायम नोकरीसाठी पीएच.डी. हवी, पीएच.डी.साठी वेळ हवा, आणि पोटासाठी दोन महाविद्यालयांत धावत तास घ्यायला हवेत. सरांबरोबरचे लोक या तिढ्यातून कोणाचे बोट धरून, कोणाचे पाय धरून सुटले. सरांना दोन्ही जमले नाही. आणि न जमण्याला ते स्वाभिमान म्हणत असत. त्यांचा प्रबंध जुन्या बाजारपेठांतील वजनमापांवर होता. कोणत्या गावात कोणते माप चाले, ते कोण ठरवी, आणि ठरवणाऱ्याच्या कोठारात धान्य कसे वाढत जाई, असा तो विषय. विषय चांगला होता. तो इतकी वर्षे चालला होता, की मार्गदर्शक निवृत्त होऊन दुसरे आले आणि विद्यापीठाने मुदतवाढ देता देता शेवटी पत्रात ‘अंतिम’ हा शब्द घातला. सत्र संपायच्या आत प्रबंध दिला तर कायम जागेच्या मुलाखतीला बसता येणार होते. नाही दिला तर नोंदणी रद्द, आणि उरलेले आयुष्य तासिकांवर. दोन प्रकरणे लिहायची राहिली होती.

लिहिणार कुठे, हा प्रश्न कोणाला क्षुल्लक वाटेल; ज्याच्या घरात स्वतःच्या दाराची खोली आहे त्याला तो वाटणारच. सर थोरल्या भावाकडे राहत. भावाचे कान कारखान्यातल्या यंत्रांनी निकामी केले होते, त्यामुळे घरातला टीव्ही अख्ख्या मजल्यासाठी लागे. सरांची पथारी त्याच टीव्हीसमोर, सगळे झोपायला गेल्यावर पडे. वहिनी मनाने वाईट नव्हती. पण सर टेबलाशी बसले, की तिला ते टेबल भाजी निवडायला हवे असे.

"भावोजी, तुमचं ते पुस्तक जरा तिकडे सरकवा. एवढी वर्षं लिहिताय, एक दिवस इकडेतिकडे झाला तर राजे काही उठून जात नाहीत."

"राजांवर नाही वहिनी, वजनांवर लिहितोय."

"मग तर बरंच झालं. या कांद्यांचं वजन बघा बरं, मापात मारलंय मेल्यानं."

तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचा कक्ष म्हणजे सरांचे घर, अभ्यासिका आणि शेवटची आशा, असे तिन्ही होते. जाड भिंती, जड लाकडी टेबले, प्रत्येक टेबलावर दोरी ओढून लावायचा दिवा. दारावर ‘बोलू नये’ एवढीच पाटी. तिथे ठरलेली माणसे येत. एक निवृत्त वकीलकाका, जे कायद्याची पुस्तके वाचायला येत आणि बऱ्याचदा वर्तमानपत्रावर झोपी जात. भूगोलात संशोधन करणारी एक मुलगी, जी दोन टेबलांवर नकाशे पसरून बसे. तिला सगळे नकाशाच म्हणत. आणखी काही चेहरे, ज्यांची नावे इतक्या वर्षांत कोणी कोणाला विचारली नव्हती. न विचारण्यातच तिथला स्नेह होता.

मग विद्यापीठाला सुधारणेची लहर आली. आधी तळमजल्यावरचे संदर्भ-ग्रंथ तळघरात गेले आणि त्यांच्या जागी कॉफीचे दुकान आले. मग पोत्याएवढ्या रंगीत, फुगीर उशा आल्या, ज्यांत बसलेल्या माणसाला दुसऱ्याने हात दिल्याशिवाय उठता येत नाही. काचेच्या चर्चाखोल्या आल्या, फोन चार्ज करायचे खांब आले, आणि ‘सर्जनशील कोपरा’ नावाचा एक कोपरा आला, जिथे भिंतीवर लिहिण्याची मुभा होती. तिथे बहुतेक प्रेमाच्या बेरजा लिहिल्या गेल्या. या सगळ्याचे एक चकचकीत माहितीपत्रक निघाले. त्यात सुविधांची पानेच्या पाने होती. पुस्तकांना एक चौकट मिळाली होती, तीही शेवटच्या पानावर, स्वच्छतागृहांच्या शेजारी.

शेवटी सुधारणा जिना चढून तिसऱ्या मजल्यावर पोहोचली. वातानुकूलनासाठी खिडक्या कायमच्या बंद करून काचांना गडद फिल्म लावली. टेबलांवरचे दिवे काढून नेले, कारण म्हणे ते वाचक विझवत नाहीत आणि वीज वाया जाते. छताला नवे दिवे लागले आणि त्यांच्या मधोमध एक वाटोळा पांढरा डोळा. खोलीत माणूस हलला की दिवे लावायचे, कोणी हलत नसेल तर विझवायचे, हे त्या डोळ्याचे काम. ज्या माणसाला ही कल्पना सुचली त्याने आयुष्यात एक पुस्तक सलग वाचले असते, तर वाचणारा माणूस हलत नाही एवढे तरी त्याला कळले असते.

पहिल्याच दिवशी सर नव्या प्रकरणाच्या मध्यावर असताना काळोख झाला. कोपऱ्यातून वकीलकाकांचा खडबडून जागे झाल्याचा आवाज आला: "कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही काका," नकाशा म्हणाली. "आपण सगळे फार मन लावून वाचत होतो. त्याची शिक्षा झाली."

तेव्हापासून हे रोजचेच झाले. कक्षात खरे वाचन सुरू झाले, की थोड्या वेळाने अंधार होई. कोणीतरी वैतागून हात झटके, की उजेड. खालच्या चर्चाखोल्यांतले दिवे मात्र कधीच विझत नसत. तिथे हातवारे चालत, खिदळणे चाले, एकमेकांना उशा फेकून मारणे चाले, आणि डोळा त्या सगळ्यांकडे कौतुकाने पाहत राही. सरांनी तक्रार लिहिली. आधी साध्या शब्दांत, मग जरा वजनदार शब्दांत. उत्तर आले, की वाचकांच्या सूचनांचे स्वागत आहे.

उत्तराच्या मागोमाग ग्रंथपालबाईंनी सरांना आपल्या खोलीत बोलावले. बाई भल्या होत्या. पण भल्या माणसांच्या हाती या इमारतीत फक्त चहा मागवणे उरले होते. तो त्यांनी मागवला.

"सर, वाईट बातमी आहे. तुमचा कक्ष बंद करायचं चाललंय."

"का?"

"वापर नाही म्हणून." बाईंनी संगणकाचा पडदा सरांकडे वळवला. त्यावर इमारतीच्या प्रत्येक खोलीची एक पट्टी होती. चर्चाखोल्यांच्या पट्ट्या भरगच्च हिरव्या. शांत कक्षाची पट्टी बहुतांशी पांढरी, मध्येच कुठे हिरवी चीर. "तो छतावरचा डोळा नुसता दिवे लावत नाही. कोण किती वेळ आहे ते नियोजन विभागाला कळवतो. त्याचं म्हणणं, तिथे बहुतेक वेळ कोणी नसतं."

"पण बाई, मी तिथे असतो. रोज असतो. तुम्ही स्वतः मला पाहता."

"मी पाहते हो. पण तुम्ही हलत नाही ना."

तिथेही सर हलले नाहीत.

"दारावर पूर्वी शिपाईमामा बसायचे," शेवटी ते म्हणाले, "ते येणाऱ्याजाणाऱ्याला ओळखायचे."

"मामांची जागा रद्द झाली. खालचं फाटक माणसं मोजतं, पण ती सगळ्या इमारतीची. तिसऱ्या मजल्यावर कोण गेलं ते त्याला कळत नाही." बाईंनी आवाज उतरवला. "एक करता येईल. एक महिना निरीक्षण आहे. त्यानंतर बैठक. या महिन्यात तेवढी पट्टी हिरवी दिसू दे. मी तुम्हाला काही सांगितलेलं नाही."

त्याच आठवड्यात डोळा पुसायला एक तंत्रज्ञ आला. नकाशाने त्याला शिडीखाली गाठले. "दादा, याच्यासमोर कागदाची झालर टांगली तर? वाऱ्यानं हलत राहील."

तंत्रज्ञ हसला. "कागदानं नाही फसायचा ताई. त्याला ऊब लागते. हलणारी ऊब. जिवंत माणूसच पाहिजे."

"जिवंत माणूस पाहिजे," वकीलकाका म्हणाले, "पण वाचणारा नको. वा! हा कायदा आमच्या वेळी नव्हता."

मग त्या अबोल कक्षात पहिल्यांदा सभा भरली, आणि तीही जिन्यावर, कारण आत बोलायचे नाही हे कोणी मोडायला तयार नव्हते. ठरले असे, की प्रत्येकाने आळीपाळीने, मधूनमधून हात वर करायचा. योजना सोपी होती आणि दोन दिवसांत फसली. ज्याची पाळी असे तो पुस्तकात बुडून जाई आणि विसरे. नकाशा एका नदीच्या उगमाशी पोहोचली आणि सगळा कक्ष काळोखात गेला. वकीलकाका निष्ठेने हात हलवत. पण डोळा लागला की त्यांचा हातही मांडीवर झोपे. जे विसरत नव्हते ते वाचत नव्हते. एक विद्यार्थी तेवढा चोख पाळी करी. चौकशी केली तेव्हा कळले, की तो मांडीवर फोन घेऊन सामना पाहत असतो.

"हे असं नाही चालायचं," सर जिन्यावर म्हणाले. "दोन कामं एका डोक्यानं होत नाहीत. एकानं फक्त हात हलवायचा, बाकीच्यांनी वाचायचं."

"पण तो एक कोण?" नकाशाने विचारले.

प्रत्येकाला परीक्षा होती, प्रबंध होता, मुदत होती. सरांनाही होती, सर्वांत जवळची. पण त्यांनी मनाशी वेगळा हिशेब मांडला होता. सत्राचे दोन महिने उरले आहेत. एक कक्ष वाचवण्यात गेला तरी एक हाताशी राहतो, आणि महिनाभर झटून त्या शांततेत दोन प्रकरणे होऊ शकतात. कक्षच गेला तर दोन्ही महिने मिळूनही घरी, टीव्हीसमोर, एक परिच्छेद व्हायचा नाही. हिशेब बरोबर होता. आयुष्यभर मापांचा अभ्यास केलेल्या माणसाचा हिशेब चुकेलच कसा!

"मी बसतो," ते म्हणाले.

"सर, तुम्ही?" नकाशा हसू आवरत म्हणाली. "पुतळा?"

"हो. पुतळ्यानंच हात वर केलेला चांगला दिसतो. गावोगावी चौकात पाहत नाही का?"

दुसऱ्या दिवसापासून सर, महिनाभराचे तास दुसऱ्यांवर सोपवून, दिवसभर डोळ्याच्या बरोबर खाली बसू लागले. समोर वही उघडी असे, लेखणीचे टोपणही काढलेले असे. पण एका ओळीच्या शेवटी जावे तो डोक्यात घंटा वाजे: हात. हात वर करावा, खाली घ्यावा, पुन्हा ओळ शोधावी, तो वाक्याचा धागा निसटलेला. पहिल्या आठवड्यात त्यांनी वाचायचा प्रयत्न केला. दुसऱ्यात वही मिटली. लहानपणापासून जे अंग त्यांनी आवरून, दाबून, विसरून ठेवले होते ते आता क्षणोक्षणी आठवू लागले. खांदा दुखू लागला. भोवती सगळे वाचत होते. इतकी सुंदर शांतता त्या कक्षात कधी नव्हती, आणि त्या शांततेत न वाचणारा एकटा माणूस होता, जो तिच्यासाठी पहारा देत होता.

"सर, तुम्ही पुतळ्याचे एकदम वाहतूक पोलीस झालात," वकीलकाका जिन्यावर म्हणाले. "बढती समजू की बदली?"

"तासिकेवरची नेमणूक आहे, काका," सर म्हणाले. "कायम व्हायची आशा धरू नका."

महिना संपला. ग्रंथपालबाईंनी सरांना वाचकांचे प्रतिनिधी म्हणून बैठकीला बसवले. एवढे त्यांच्या हातात होते आणि तेवढे त्यांनी केले. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, आणि भिंतीवर पट्ट्यांचे मोठे चित्र. सुरुवातीचे काही दिवस सोडले तर शांत कक्षाची पट्टी सकाळपासून संध्याकाळपर्यंत हिरवीगार होती, एकही पांढरी चीर नाही. सरांनी ते पाहिले आणि त्यांचा दुखरा खांदा क्षणभर हलका झाला. आपले काम असे रंगून भिंतीवर लागलेले त्यांनी यापूर्वी कधी पाहिले नव्हते.

नियोजन अधिकारी तरुण, हसतमुख आणि तयारीचे होते. "ही तिसऱ्या मजल्यावरची गोष्ट फार उत्साहवर्धक आहे," ते म्हणाले. "महिन्याभरापूर्वी ही खोली मृतवत होती. आता पाहा! चर्चाखोल्यांपेक्षाही जास्त हालचाल. इतकं चैतन्य अख्ख्या इमारतीत नाही."

"म्हणजे कक्ष बंद होणार नाही," ग्रंथपालबाई घाईने म्हणाल्या.

"बंद? छे! उलट विस्तार. वाचकांनी स्वतःच दाखवून दिलंय, की त्यांना तिथे शांतता नको आहे. एवढी हालचाल शांत बसणारी माणसं करतात का? तिथे आपण मोठं चर्चादालन करतोय. जड टेबलं काढू, चाकांच्या खुर्च्या आणू."

सर उभे राहिले. "ती हालचाल माझी होती," ते म्हणाले. "मी हात हलवत होतो. दिवे विझू नयेत म्हणून. बाकीचे वाचत होते."

मग अधिकारी अगदी सहानुभूतीने म्हणाले, "सर, तुमच्या भावना समजतात. पण एका माणसाच्या हातानं एवढी आकडेवारी येत नाही. यंत्राला काही पूर्वग्रह नसतो." आणि ते पुढच्या विषयाकडे, म्हणजे कॉफीच्या दुकानाच्या वाढीव वेळेकडे वळले.

ज्याच्या हाती माप त्याचेच धान्य, हे सरांनी प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात पुराव्यांनिशी मांडले होते. ते वाक्य बैठकीत आठवून काही उपयोग नव्हता. तरी ते आठवलेच.

दुसऱ्या आठवड्यात टेबले गेली. वकीलकाकांनी येणे सोडले. ते म्हणाले, झोप घरीही येते. नकाशा एका मैत्रिणीच्या वसतिगृहात जाऊन बसू लागली. सर तळमजल्यावर गेले आणि काचेची एक लहान खोली मागितली. खिडकीमागच्या मुलीने नम्रपणे विचारले, "तुम्ही किती जण?"

"मी एकटा."

"गटाला मिळते, सर. किमान तिघं लागतात."

"मी एकटाच लिहितो."

"मग उशांवर बसा ना. तिथे कोणी विचारत नाही."

सर उशीवर बसले. वही मांडीवर घेतली. मागे कोणीतरी केक कापत होते. काही वेळाने त्यांनी उठायचा प्रयत्न केला तेव्हा उठता येईना, आणि हात द्यायला ओळखीचे कोणी नव्हते.

उरलेला महिना घरी गेला. एक प्रकरण अर्धे झाले, एक झालेच नाही. सत्र संपले तेव्हा विद्यापीठाने आपला शब्द पाळला, जे ते क्वचितच करते: अंतिम म्हणजे अंतिम. मार्गदर्शकांनी फोनवर हळहळ व्यक्त केली आणि शेवटी म्हणाले, "तुमच्याकडे एवढी वर्षं होती हो." त्यावर सरांना बरेच बोलता आले असते. ते "हो" म्हणाले.

आता संध्याकाळी तास आटोपले, की ते घरीच असतात. भिंतीशी टेकून, पुस्तक उघडून, पूर्वीसारखेच बसतात. निदान तसे बसायचा प्रयत्न करतात. पण अंगाला लागलेली सवय सुटत नाही. पानाच्या मध्यावर, काही कारण नसताना, त्यांचा उजवा हात आपोआप खांद्यापर्यंत वर जातो, हवेत जरा थांबतो आणि खाली येतो. पहिल्या दिवशी वहिनी दचकली. "काय हो भावोजी, काही हवंय का?"

"नाही. काही नको."

दुसऱ्या दिवशी तिने तसे विचारले नाही. टीव्हीचा आवाज पार करून ती स्वयंपाकघरातून ओरडली, "हात मोकळाच आहे ना तुमचा? मग उठा बरं जरा. कोपऱ्यावरून दळण आणायचंय."

थोरल्या भावाने टीव्हीवरची नजर वळवून धाकट्याकडे पाहिले. त्याला ऐकू काहीच आले नव्हते. पण वहिनीच्या हातातला डबा त्याला दिसला, आणि तो हसला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा हाक त्याच्यावरून घसरून पुढे गेली होती.

सरांनी पानात खूण घातली, डबा घेतला आणि चपला शोधू लागले.